स्तोत्र १३ अंगवळणी कसं पाडावं

संकट दारात आल्यावर प्रार्थना शिकायला सवड मिळत नाही. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर तोंडी तेच येतं, जे आधीपासून पाठ असतं. म्हणून सगळं ठीक चाललेलं असतानाच बायबलमधलं एक विलापस्तोत्र, म्हणजे देवापुढे दुःख मांडणारं स्तोत्र, पक्कं करून ठेवा. सुरुवातीला स्तोत्र १३ घ्या, कारण त्यात अवघी ६ वचनं आहेत.

पहिल्या आठवड्यात रोज सकाळी चहाआधी एक वचन मोठ्याने, सावकाश, पाच वेळा म्हणायचं. सहा दिवसांत सहा वचनं होतात, सातव्या दिवशी पूर्ण स्तोत्र. भाषांतर कोणतंही चालेल, पण एकच धरा. शब्द बदलत राहिले की पाठांतर निसटतं.

पाठ होता होता त्याची बांधणी ध्यानात येते. वचन १ आणि २ मध्ये गाऱ्हाणं आहे. मूळ हिब्रूत ‘कोठवर’ हा प्रश्न चारदा येतो. ३ आणि ४ मध्ये मागणं आहे, ५ आणि ६ मध्ये भरवसा.

दुसऱ्या आठवड्यापासून वही घ्या आणि पानाचे हेच तीन भाग करा. गाऱ्हाणं नेमकं लिहा. ‘मन अस्वस्थ आहे’ एवढ्याने भागत नाही. ‘१० तारखेला हप्ता आहे, खात्यात पैसे नाहीत, भाऊ फोन उचलत नाही’ असं लिहा. मागणं एकच, तेही आजच्यापुरतं. रानात इस्राएल लोकांना देव खायला देत असलेला मान्नाही रोजचा रोजच गोळा करायचा होता. सकाळपर्यंत साठवला त्याला किडे पडले (निर्गम १६). भरवशाच्या भागात आज कसं वाटतंय ते लिहू नका. देवाने पूर्वी केलेला एखादा उपकार तारखेसह लिहा, कारण सहावं वचन झालेल्या उपकाराबद्दलच गातं.

बहुतेकांचं चुकतं ते इथे: गाऱ्हाणं दोन शब्दांत उरकून थेट भरवशावर उडी. आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रडणं म्हणजे विश्वास कमी, असा समज फार खोल रुजला आहे आणि त्याने माणसं आतून पोखरली जातात. स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. खुद्द येशूने वधस्तंभावर स्तोत्र २२ ची पहिली ओळ आक्रोशून म्हटली. एखाद्या दिवशी तिसरा भाग लिहवत नसेल तर कोरा सोडा. खोटं लिहू नका.

शरीराकडेही पाहा. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं (१ राजे १९). दोन आठवडे झोप-जेवण उडालं असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. घरातल्या कुणाला तरी सांगा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. गोळी घेणं म्हणजे अविश्वास नव्हे.

एकट्याने हे फार दिवस टिकत नाही. मंडळीतली दोन माणसं ठरवा, दर रविवारी उपासनेनंतर दहा मिनिटं बसा आणि आठवड्याचं एक गाऱ्हाणं एकमेकांना वाचून दाखवा. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले तोवर सगळं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि चुकले. दुःखाच्या घरी जाताना जेवणाचा डबा न्या, ‘देवाची इच्छा’ हे शब्द नेऊ नका. घरच्यांनी हो म्हटलं तर स्तोत्र १३ ची पहिली चार वचनं वाचा. उरलेली दोन त्यांना पेलतील तेव्हा.

महिन्याने पुढचं स्तोत्र घ्या: ४२ आणि ४३ एकत्र, मग १३०. जुनी पानं फाडू नका. उत्तर मिळालं त्या मागण्यापुढे लाल शाईने तारीख घाला. नाही मिळालं तिथे जागा मोकळी ठेवा.