बिटुमेनच्या क्षेत्रात येताय? आधी पाणी आणि माती समजून घ्या

केमिकल इंजिनिअरिंग करून मास्टर्ससाठी कॅनडातल्या अल्बर्टात येणारी मराठी मुलंमुली माझ्याशी बोलतात, तेव्हा बहुतेकांना कोकरवर (जड तेल तापवून तोडणारं युनिट) नाहीतर हायड्रोट्रीटरवर (हायड्रोजन वापरून गंधक काढणारं युनिट) काम करायचं असतं. साहजिकच आहे. ५०० अंशांच्या घरातलं तापमान, हायड्रोजनचा दाब, कॅटॅलिस्ट, असं पुस्तकात वाचलेलं सगळं तिथे प्रत्यक्ष दिसतं. पण ऑइल सँड्समध्ये, म्हणजे बिटुमेन (डांबरासारखं घट्ट, जड तेल) मिसळलेल्या वाळूच्या उद्योगात, अपग्रेडरची (बिटुमेनचं हलकं तेल करणाऱ्या कारखान्याची) निम्मी दुखणी अपग्रेडरच्या बरीच आधी जन्माला येतात. म्हणून प्रत्येकाला मी हेच सांगतो की पहिलं वर्ष पाणी, मीठ आणि मातीला द्या.

फोर्ट मॅकमरीच्या उत्तरेला खाणीतून जी वाळू निघते, तिच्यात चांगल्या ठिकाणी वजनाने १० ते १२ टक्के बिटुमेन असतं. एक बॅरल तेलासाठी साधारण दोन टन वाळू उपसावी लागते. गरम पाण्याने वाळूपासून बिटुमेन सुटं करायची पद्धत कार्ल क्लार्क यांनी १९२०च्या दशकात एडमंटनमध्ये विकसित केली. तिच्यावर उभा राहिलेला पहिला मोठा कारखाना, म्हणजे आजचा सनकोर, १९६७ साली सुरू झाला आणि सिंक्रूड १९७८ साली. हवेच्या बुडबुड्यांना चिकटून बिटुमेन वर येतं, त्या फेसाला सगळे फ्रॉथच म्हणतात. त्यात ढोबळमानाने ६० टक्के बिटुमेन, ३० टक्के पाणी आणि १० टक्के घन पदार्थ असतात. शुद्धीकरणाची खरी सुरुवात इथून होते.

या फ्रॉथचं काय करायचं याचे दोन मार्ग आहेत. एकात नॅफ्था (पेट्रोलसारखं हलकं तेल) मिसळून बिटुमेन पातळ करतात आणि तिरप्या पाट्यांचे सेटलर व सेंट्रिफ्यूज लावून पाणी-माती बाजूला काढतात. बिटुमेन जवळजवळ सगळं हाती लागतं, पण पाण्याचे बारीक थेंब आणि चिकणमातीचे कण थोडे मागे राहतातच. दुसऱ्या मार्गात पेंटेन-हेक्झेनसारखं पॅराफिनिक द्रावक घालतात. पुरेसं घातलं की अॅस्फाल्टीनचा (बिटुमेनमधल्या सर्वांत जड रेणूंचा) काही भाग साक्यासारखा बाहेर पडतो आणि खाली बसताना पाण्याचे थेंब व मातीचे कण आपल्याबरोबर घेऊन जातो. बिटुमेनचा काही वाटा गमवावा लागतो. पण उरतं ते इतकं स्वच्छ असतं की पातळ करून थेट पाइपलाइनने दूरच्या रिफायनरीला पाठवता येतं. या सगळ्या उद्योगातली सर्वांत देखणी कल्पना मला हीच वाटते.

पहिल्या मार्गाने आलेल्या बिटुमेनमधल्या पाण्यात क्लोराइड असतात. पुढे तापमान वाढलं की त्यांच्यापासून हायड्रोजन क्लोराइड तयार होतो आणि फ्रॅक्शनेटरच्या (उकळबिंदूनुसार तेलाचे भाग वेगळे करणाऱ्या मनोऱ्याच्या) वरच्या थंड भागात, पाणी साचतं तिथे, धातू खाऊ लागतो. मातीचे अतिसूक्ष्म कण तर हायड्रोट्रीटरच्या कॅटॅलिस्ट बेडपर्यंत पोचतात आणि तो तुंबवतात.

म्हणून संधी मिळाली तर लॅबमध्ये डीन-स्टार्क चाचणी स्वतःच्या हाताने करा. नमुन्यात बिटुमेन, पाणी आणि माती किती हे तिच्यातून कळतं. नमुना सेल्युलोजच्या थिंबलमध्ये ठेवायचा आणि खाली टोल्युईन उकळायचं. वाफ वर जाऊन थंड होते, पाणी बाजूच्या नळीत तळाशी जमतं, टोल्युईन परत नमुन्यावर ठिबकतं. सुरुवातीला ठिबकणारा द्रव काळा असतो, मग तपकिरी, मग चहासारखा. तो पूर्ण रंगहीन होईपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही. शेवटी थिंबलमध्ये उरते कोरडी, राखाडी माती. बोटांत घेऊन पाहा, वाळूसारखी खरखरीत लागत नाही, पिठासारखी लागते. कंट्रोल रूममधला आकडा कशाचा आहे हे त्यानंतर कधी विसरायला होत नाही.

आता अपग्रेडिंग. अथाबास्का बिटुमेनची घनता जवळपास पाण्याइतकी, गंधक ४ ते ५ टक्के, शिवाय निकेल आणि व्हॅनेडियम. त्यातला निम्म्याच्या आसपास भाग ५२४ अंशांच्या वर उकळणारा, म्हणजे निर्वातातही ऊर्ध्वपातन होऊन वर न येणारा. हे मोठे रेणू तोडताना एकतर कार्बन काढून टाकायचा (म्हणजे कोकिंग) किंवा हायड्रोजन घालायचा. सनकोरकडे डिलेड कोकिंग आहे, सिंक्रूडकडे फ्लुइड कोकिंग, तर एडमंटनजवळच्या स्कॉटफर्डला हायड्रोजन घालणारं एलसी-फायनिंग. कोकिंगमध्ये धातू बहुतेक सगळे कोळशासारख्या कोकमध्ये अडकतात, मात्र कोकच्या रूपाने मालही जातो. हायड्रोजनच्या मार्गाने द्रव जास्त मिळतो, पण धातू कॅटॅलिस्टची छिद्रं बुजवतात आणि हायड्रोजन बनवायला नैसर्गिक वायू जाळावा-वापरावा लागतो. कुठल्याही मार्गाने गेलात तरी शेवटी हायड्रोट्रीटर लागतोच. तिथे गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड होतो आणि क्लॉस युनिटमध्ये त्याचं पुन्हा पिवळं गंधक. सिंक्रूडच्या आवारात या गंधकाचे अवाढव्य ठोकळे रचून ठेवले आहेत.

हायड्रोजन सल्फाइडचं प्रशिक्षण मनापासून घ्या. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. नाकावर विसंबू नका, वायू मोजणारा मॉनिटर कॉलरजवळच हवा.

नोकरीबद्दल स्पष्ट सांगतो. अपग्रेडर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. जमिनीत वाफ सोडून बिटुमेन काढणारे बरेच प्रकल्प ते अपग्रेड न करता कंडेन्सेट (पातळ, हलकं तेल) मिसळून विकतात. फक्त अपग्रेडिंगचा हट्ट धरलात तर अडकून पडाल. फ्रॉथ ट्रीटमेंट, टेलिंग्ज (बिटुमेन काढल्यावर उरणारं पाणी-मातीचं मिश्रण), पाण्याचा पुनर्वापर, कार्बन कॅप्चर इथेही चांगलं काम आहे. स्कॉटफर्डच्या हायड्रोजन युनिटमधला कार्बन डायऑक्साइड २०१५पासून जमिनीखाली साठवला जातोय. डिलेड कोकर शिकलात तर जामनगरसकट भारतातल्या अनेक रिफायनऱ्यांत तो अनुभव चालतो. इथेच राहायचं असेल, तर अपेगाकडे (अल्बर्टातल्या इंजिनिअरांची नोंदणी करणारी संस्था) व्यावसायिक इंजिनिअर म्हणून नोंदणीची तयारी पहिल्या नोकरीपासूनच करा आणि केलेल्या कामाच्या नोंदी त्या-त्या वेळी लिहून ठेवा.

साइटवर गेल्यावर ऑपरेटर मंडळींशी मैत्री करा. त्यांतले अनेक परवानाधारक पॉवर इंजिनिअर (बॉयलर आणि वाफेची यंत्रणा चालवणारे) असतात. उणे ४० अंशांत कुठली लाइन आधी गोठते, कुठला पंप माती आली की आवाज बदलतो, हे त्यांना ठाऊक असतं. नाइट शिफ्टला त्यांच्याबरोबर एक राउंड मारायला मिळतो का, एवढं सुपरवायझरला पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.