तामियाच्या रणगाड्याच्या किटचा साचा किती जुना, हे कसे ओळखावे

तामिया या जपानी मॉडेल कंपनीचे १/३५ प्रमाणातील रणगाड्याचे किट, म्हणजे जोडून मॉडेल बनवण्याचा प्लास्टिक भागांचा संच, घेताना केवळ खोक्यावरच्या चित्रावर भिस्त ठेवू नये, कारण एकदा तयार झालेल्या साच्यातून निघणारे भाग कित्येक दशके पुन्हा पुन्हा बाजारात येत राहतात. प्रथम किटचा क्रमांक पाहावा. १/३५ च्या मालिकेचे क्रमांक ३५ ने सुरू होतात. पँथर या जर्मन रणगाड्याचेच उदाहरण घेतले, तर ३५०६५ हे जुन्या साच्याचे किट आहे आणि ३५३४५ हे २०१५ चे. मात्र जुने भाग नव्या क्रमांकाखालीही येतात, म्हणून शक्य असल्यास खोके उघडून सांगाड्याचा तळ उलटा करावा आणि त्यावर उठावदार बारीक अक्षरांत साल आहे का ते पाहावे. जुन्या फ्रेमला (भाग जिला जोडलेले असतात ती प्लास्टिकची चौकट) नवी फ्रेम जोडलेली असू शकते, त्यामुळे एकाच सालावर समाधान मानू नये.

साल सापडले नाही, तर तळाची भोके बोलतात. ती का असतात, हे कंपनीच्या इतिहासातून कळते. जपानमधील शिझुओका येथे योशिओ तामिया यांनी १९४६ मध्ये लाकडाच्या धंद्यातून सुरुवात केली. १९५१ च्या आगीत लाकडाचा साठा जळाल्यावर कंपनी लाकडी मॉडेलांवर विसंबली आणि १९६० मध्ये ‘यामातो’ युद्धनौकेच्या रूपाने तिचे पहिले प्लास्टिक किट आले. स्वस्त प्रतिस्पर्ध्यापुढे ते फारसे चालले नाही. त्यानंतरचा पँथर मोटरवर चालणारा होता आणि त्याची रुंदी आत दोन सेल मावतील अशा बेताने ठरली. नंतर मोजले तेव्हा प्रमाण १/३५ च्या आसपास भरले. आज जगभर रूढ असलेले हे माप सेलच्या जाडीतून आले, ही गोष्ट मला आजही गमतीची वाटते. मोटर आणि स्विचसाठी ठेवलेली भोके म्हणूनच जुन्या साच्याची ठळक खूण ठरतात, आणि अशा किटांत सांगाड्याची मापे मूळ वाहनाशी ताडून पाहणे इष्ट.

भोके बुजवायची असतील, तर अर्धा मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक शीटचा भोकापेक्षा थोडा मोठा तुकडा कापून आतल्या बाजूने पातळ सिमेंटने (प्लास्टिक मॉडेलच्या गोंदाने) चिकटवावा. बाहेरचा खड्डा मॉडेलसाठीच्या पुट्टीने किंचित फुगीर भरावा, कारण वाळताना ती आकसते. पूर्ण वाळल्यावर ओल्या पॉलिशपेपरने घासून पृष्ठभाग सपाट करावा आणि हे सारे चाके बसवण्यापूर्वीच उरकावे.