पायाची जुनी जखम आणि सेन्सर: खान्देशच्या उन्हाळ्यात नोंदी कशा घ्याव्यात

"पाय दुखस नही, मंग दवाखाना कसाले?" माझे वडील हे वाक्य इतक्या वेळा म्हणत असत, की त्याला उत्तर देणेच आम्ही सोडून दिले होते. अनेक वर्षांच्या मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्यावर पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडाचा, खुंट टाचेत घुसला तरी कळत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. १९४६ पासून वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच दाखवून दिले होते, की हातापायांची झीज मुख्यतः वेदना न उरल्यामुळे होते. चार ते सहा आठवड्यांत भरून न येणाऱ्या अशा जखमेवर अंगावर लावायचे सेन्सर लक्ष ठेवू शकतात. मात्र त्यांचा आकडा जळगाव-धुळ्याच्या हवेत कसा वाचायचा, हे वेगळे शिकावे लागते.

सेन्सर घेण्याआधी डॉक्टरांकडून पायाचा रक्तपुरवठा आणि संवेदना तपासून घ्याव्यात, कारण रक्तपुरवठा कमी असलेला पाय थंडच राहतो आणि आत जंतुसंसर्ग असूनही तापमानाचा आकडा वाढेलच असे नसते. बाजारात आणि प्रयोगशाळांत तापमान, ओलावा, सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) आणि तळव्यावरचा दाब मोजणारे प्रकार आहेत. घरच्या वापराची सुरुवात तापमानापासूनच करावी, असे माझे मत आहे, कारण त्याचा पुरावा सर्वांत जुना आहे आणि पैसे कमी असतील तर चिकटपट्टीच्या सेन्सरऐवजी साध्या इन्फ्रारेड थर्मामीटरवरही काम भागते. अशा थर्मामीटरमध्ये कपाळाचा ताप मोजण्याची आणि पृष्ठभागाचे तापमान मोजण्याची अशा दोन सोयी असतील, तर पायासाठी दुसरी निवडावी. पहिल्या सोयीत यंत्र स्वतःच आकड्यात दुरुस्ती करून टाकते.

मोजण्याची जागा, वेळ आणि क्रम ठरलेला असावा. अंगठा, अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या व करंगळीच्या मुळाशी असलेला चवडा, तळव्याचा मध्य आणि टाच या जागा दोन्ही पायांवर पाहाव्यात, आणि डाव्या पायावरची प्रत्येक जागा उजव्या पायावरच्या त्याच जागेशी ताडून पाहावी. एकटा आकडा फारसे काही सांगत नाही. दोन्ही पायांतला फरक सांगतो. एकाच जागी हा फरक २.२ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक असेल आणि लागोपाठ दोन दिवस टिकत असेल, तर चालणे कमी करून डॉक्टरांना कळवावे. दोन्ही पायांना जखमा असतील किंवा एक पाय गमावलेला असेल, तर ही तुलना चालत नाही. तेव्हा त्याच जागेच्या मागील दिवसांच्या नोंदीच आधाराला घ्याव्या लागतात.

येथे एक चूक आमच्या घरी झाली, ती सांगणे उपयोगाचे ठरेल. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला होता, वडील पत्र्याच्या खोलीत कूलरसमोर आडवे झाले होते आणि कूलरचा झोत फक्त उजव्या पायावर पडत होता. जखम असलेली डावी टाच अडीच अंशांनी गरम निघाली आणि आम्ही भर दुपारी रिक्षा काढली. वस्तुतः डावा पाय तापला नव्हता, उजवा गार पडला होता. त्यानंतर आम्ही मोजणी पहाटे, धाब्याच्या, म्हणजे मातीच्या छताच्या, खोलीत, पंखा व कूलर बंद करून आणि मोजे काढून पंधरा मिनिटे पाय उघडे ठेवल्यावरच केली. नोंदवहीत आकड्यासोबत वेळ, खोली आणि आदल्या दिवशी किती चालणे झाले, हेही लिहावे. जखमेच्या ओल्या भागावर मात्र मोजू नये, कारण ओलावा उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि आकडा खोटा कमी येतो. कडेच्या कोरड्या त्वचेवर मोजावे.

चिकटणारा सेन्सर लावायचा असेल तर त्वचा धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि जखमेच्या कडेपासून दोन बोटे अंतर सोडावे. घामाने पट्टीची कड सुटली की आत हवा शिरते आणि वाचन भरकटते. निर्जंतुक नसलेला सेन्सर जखमेच्या आत कधीही ठेवू नये. ड्रेसिंगखाली ठेवायचे ओलाव्याचे सेन्सर निर्जंतुकच येतात. त्यांतील दोन तारांमधून अतिशय क्षीण प्रवाह जातो, आणि जखमेतून पाझरणारी लस वाढली की तो अधिक सहज वाहतो. त्यामुळे ड्रेसिंग न उघडता ते बदलण्याची वेळ कळते, आणि काळ्या मातीच्या धुळीत जखम वारंवार उघडण्याची गरज राहत नाही, हा मोठा लाभ आहे.

सामूचा सेन्सर समजून घेण्यासाठी स्वयंपाकघरातली हळद पुरेशी आहे. हळदीत चुना मिसळला की कुंकवासारखा लाल रंग येतो, कारण चुना अल्कधर्मी असतो. रंग बदलणाऱ्या सामूपट्ट्या याच तत्त्वावर चालतात. निरोगी त्वचेचा सामू साधारण ४ ते ६, म्हणजे आम्लधर्मी असतो, तर रेंगाळलेल्या जखमेचा बहुधा ७ च्या वर जातो आणि जखम भरू लागली की खाली येतो. मात्र हळद जखमेत भरू नये. तिच्या पिवळ्या रंगात पट्टीचा रंगही कळत नाही आणि पसरणारी लालीही.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये जखमेवर लक्ष ठेवून विद्युत उत्तेजनही देणारी पट्टी उंदरांवर तपासली, आणि तिथल्याच कॅलटेक या संस्थेच्या गटाने २०२५ मध्ये जखमेतील स्राव तपासणारी पट्टी माणसांवर वापरून पाहिली. अशा बातम्या वाचून उपचार थांबवून ठेवू नयेत.

काही लक्षणे दिसल्यास आकड्याची वाट पाहू नये. लाली जखमेच्या कडेपासून दोन सेंटीमीटरपेक्षा पुढे सरकणे, काळी पडलेली त्वचा, दुर्गंधी, थंडी वाजून ताप, किंवा एकाएकी वाढलेली रक्तशर्करा यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, आणि जखम नसतानाही पाय लाल, गरम व सुजलेला असेल तर त्यावर भार देणे लगेच थांबवावे. दर आठवड्याला मोजपट्टी शेजारी ठेवून जखमेचा फोटो काढावा. चार आठवड्यांत तिचे क्षेत्र निम्म्यावर आले नाही, तर उपचाराचा फेरविचार करण्यास डॉक्टरांना सांगावे.

जखम भरल्यावर यंत्र कपाटात ठेवू नये, कारण सुमारे ४० टक्के रुग्णांत ती वर्षभरात पुन्हा होते. चैत्रात सप्तशृंगगडाला पायी निघणाऱ्यांत बधिर पायांचा कोणी असेल, तर त्याला अनवाणी चालण्याचा नवस डांबरी रस्त्यावर फेडू देऊ नये. एसटीने पाठवावे, पायात मऊ तळाचे बूट असावेत, ते घालण्याआधी उलटे करून झटकावेत आणि थर्मामीटर पिशवीत असावा.