ओट्समधला फायबर पोटात जावा म्हणून

दुकानात स्टील-कट, रोल्ड आणि इन्स्टंट असे तीन डबे दिसतात. तिन्हींत फायबर जवळपास सारखाच, १०० ग्रॅममागे साधारण १० ग्रॅम. फरक दाण्याच्या आकाराचा. स्टील-कट म्हणजे दाण्याचे जाड तुकडे, ते सावकाश पचतात. रोल्ड म्हणजे दाबून चपटे केलेले दाणे. इन्स्टंटचा पातळ चुरा भराभर पचतो आणि रक्तातली साखर लवकर चढवतो. मधुमेह असेल तर स्टील-कटच घ्या. मसाला ओट्सच्या पाकिटावर मागे सोडियमचा आकडा आधी वाचा.

खरं काम बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या फायबरचं. कोलेस्टेरॉल उतरायला तो रोज ३ ग्रॅम लागतो, म्हणजे सुमारे ७५ ग्रॅम कोरडे ओट्स. एका वाटीत भागत नाही. दोन वेळांत विभागा, किंवा ओट ब्रॅनचे, म्हणजे ओट्सच्या कोंड्याचे, दोन चमचे कणकेत मिसळा. ब्रॅनमध्ये तो जास्त असतो.

स्टील-कट ४० ग्रॅमला दीड कप पाणी घालून रात्री भिजवा. सकाळी ते पाणी फेकू नका, बीटा-ग्लुकन त्यातही उतरलेला असतो. मंद आचेवर १५ ते २० मिनिटं ढवळत शिजवा. पळी उचलल्यावर चिकट तार सुटली की झालं. हा बुळबुळीतपणाच हवा आहे, धुऊन घालवू नका. कुकरमध्ये लावायचे तर तो एक तृतीयांशाच्या वर भरू नका. फेस वर येऊन शिट्टीचं भोक बुजतं.

पहिल्याच दिवशी मोठी वाटी खाल्ली तर पोट फुगतं. २० ग्रॅमपासून सुरुवात करा, आठवड्याने वाढवा, पाणीही वाढवा.