एल्कच्या सीझनआधी: हँडलोडसाठी बुलेट निवडताना

यंदा आपल्यातले दोघं-तिघं पहिल्यांदाच अमेरिकेत कोलोराडोला एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जाणारेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, हँडलोडसाठी, म्हणजे स्वतः भरलेल्या काडतुसासाठी, सगळ्यात ॲक्युरेट बुलेट (काडतुसातून सुटणारी गोळी) कुठली? मला वाटतं हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न, खांद्याचं हाड मधे आलं तरी ती बुलेट फुफ्फुसापर्यंत पोचेल का. एल्कचा नर तीनशे किलोच्या पुढे जातो, हाड जाड, आणि नीट न लागलेलं जनावर डोंगर उतरून कुठच्या कुठे जातं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकार थांबली ती थांबलीच, त्यामुळे हे घरी काका-मामांकडून शिकायला मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी स्वतः पहिल्या वर्षी टार्गेटसाठी बनवलेली मॅच बुलेट नेली होती. कागदावर १०० यार्डांवर तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जात होत्या, त्यावरच भुललो. मादीच्या खांद्यावर लागली आणि गोळीचं पातळ जॅकेट (शिशावरचं तांब्याचं कवच) वरच्यावरच फुटलं. अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढत फिरलो, शेवटी सापडली, पण ते दोन तास अजून डोक्यातून जात नाहीत.

तर आधी नियम वाचा. कोलोराडोत एल्कसाठी बुलेट किमान ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) आणि लागल्यावर उमलणारी लागते, कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, किमान .२४ इंच. हा फक्त कायद्याचा उंबरठा झाला, मी .३०-०६ रायफलमधून १६५ किंवा १८० ग्रेनच्या खाली जात नाही. मग बांधणी बघा. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसच्या (एल्कहून मोठ्या हरणाच्या) अंगात खोल गेल्याच नाहीत, त्यातून त्यांनी मधे तांब्याची भिंत असलेली पार्टिशन बुलेट बनवली, पुढचा भाग उमलतो आणि मागचा अर्धा शाबूत राहून आत घुसतो. ती अजूनही भरवशाची. दुसरा पर्याय बाँडेड, म्हणजे शिसं जॅकेटला पक्कं चिकटवलेलं. तिसरा अख्ख्या तांब्याची, मटणात शिशाचे कण जात नाहीत म्हणून घरात लहान मुलं असतील तर मी हीच सुचवेन. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही. पण तांबं हलकं असल्यामुळे त्याच वजनाची बुलेट लांब होते, बॅरलचा ट्विस्ट (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचा पीळ) तिला पुरतो का ते बघावं लागतं, आणि बऱ्याच तांब्याच्या बुलेट सेकंदाला १८०० ते २००० फुटांच्या खाली नीट उमलत नाहीत, त्यामुळे आपल्या रायफलचा वेग किती यार्डांवर तिथे येतो ते आधीच काढून ठेवा आणि त्याच्या पलीकडे ट्रिगरला हात लावू नका.

आता ॲक्युरसी. पावडरचा आकडा कुणाच्या सांगण्यावरून उचलायचा नाही, त्या बुलेटच्या छापील मॅन्युअलमधला सुरुवातीचा चार्ज घ्यायचा आणि हळूहळू वर जायचं, प्रायमर (काडतुसाच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी) चपटा दिसला किंवा बोल्ट जड गेला की तिथेच थांबायचं. केस, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळ्या, सगळ्या एकाच कंपनीच्या, एकाच लांबीला ट्रिम केलेल्या. बुलेट किती खोल बसवायची याच्यावर लोक महिने घालवतात, पण तयार काडतूस मॅगझिनमधे मावलंच नाही तर त्याचा काय उपयोग, म्हणून आधी मॅगझिनची लांबी मोजा. १०० यार्डांवर दीड इंचाचा ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पसारा) एल्कला भरपूर झाला, अर्ध्या इंचासाठी नाजूक बुलेटकडे परत वळू नका. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) मात्र उसना का होईना आणाच, वेग अंदाजाने धरला की लांबचं सगळं गणित चुकतं.

बेंचवरचा ग्रुप बघून समाधान मानू नका. सकाळी थंड बॅरलमधून पहिली गोळी कुठे जाते ते चार-पाच वेगवेगळ्या दिवशी बघून वहीत लिहा, शिकारीत तीच एक गोळी असते. मग गुडघ्यावर, बसून, काठीच्या आधाराने मारून बघा, दम लागलेला असताना पण. उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे गोळी वाटेत थोडी कमी खाली झुकते, तेही धरा.

निघायच्या आधी रेंजवर, तोंड टार्गेटकडे ठेवून, नेणार ते प्रत्येक काडतूस चेंबरमधून फिरवून घ्या, एखादं अडकायचं असेल तर इथेच अडकू दे. डब्यावर बुलेट, पावडर, चार्ज, तारीख लिहा. डबा गाडीत उन्हात ठेवू नका, काही पावडरींचा वेग तापल्यावर बदलतो. नारिंगी जॅकेट आणि टोपी, हंटर एज्युकेशनचं कार्ड, लायसन्स हे एकाच पिशवीत. कॅम्पला पोचलात की प्रवासात स्कोप हललाय का बघायला परवानगी असलेल्या जागी दोन गोळ्या मारा, आणि त्यासाठी काडतुसं वेगळी मोजून घ्या, शिकारीच्या डब्यातली नकोत.