सारंगखेड्याच्या घोडेबाजारावर रहस्यकथा कशी रचावी

खून नको. दत्तजयंतीच्या यात्रेत लाखमोलाचा घोडा रात्रीतून गायब झाला, एवढं अशा रहस्यकथेला पुरतं. सारंगखेडं नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातलं, तापीच्या उत्तर काठी, दोंडाईचा–शहादा रस्त्यावर. एकमुखी दत्ताच्या यात्रेला राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडे येतात. गावकरी आणि परके आठवडाभर तंबूला तंबू लावून राहतात, म्हणजे संशयित गोळा करायची कटकट नाही. शिवाय मुदत आपोआप मिळते: बाजार उठला की चोर पसार.

लिहायला बसण्याआधी पंचांग उघडा. दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. त्या रात्री ‘मिट्ट काळोख’ लिहिलात तर खानदेशातला वाचक पुस्तक मिटेल. चंद्र पुढे रोज साधारण पाऊण ते एक तास उशिरा उगवतो. म्हणून चोरी संकष्टीला ठेवा. सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, चंद्र नऊच्या आसपास येतो, संधिप्रकाश सरला की मधले दोनेक तास अंधार. त्यात निम्मं गाव उपास सोडायला आभाळाकडे डोळे लावून बसलेलं असतं. ‘आठ वाजता चांदण्यात त्याला पाहिलं’ म्हणणारा साक्षीदार इथेच खोटा पडतो. हा धागा दुसऱ्या प्रकरणात सहज पेरा, जोर देऊ नका. चंद्रोदयाची मिनिटं त्या वर्षीच्या पंचांगातूनच घ्या.

आता घोडा लपवायचा कसा? तापीच्या पुलावरून न्यायचा तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून. म्हणून तो बाजारातच राहू द्या, वेगळ्या रंगात. चोरीला गेलेला घोडा पंचकल्याण घ्या: चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा टिळा, शुभ म्हणून महाग. चोराला तो साधा कुमैत करायचा आहे. कुमैताचं अंग तांबूस-तपकिरी, आयाळ, शेपूट आणि पाय काळे. पायांना काळा कलप चालतो, टिळ्याला मात्र तपकिरी रंग हवा. घाईत मेंदी थापली तर पांढऱ्या केसांवर ती भगवी चढते. कंदिलाच्या उजेडात कळत नाही, सकाळच्या उन्हात उठून दिसते. दुसरी चूक खुरांची. पांढऱ्या पायाखालचा खूर बहुधा फिकट असतो. काळ्या पायाखाली चारी खूर फिकट दिसले की नालबंदाची भुवई वर जाणारच. चोर खुरांना तेल-काजळ फासेल, पण नाल बसवताना कड तासली की आतला रंग उघडा पडतो. एवढं एक दृश्य सावकाश लिहा: कानशीचा आवाज, तासलेल्या खुराचा वास, नालबंदाचा थांबलेला हात.

बऱ्याच जणांची कथा फसते ती शेवटी: घोडा तापीत नेतात आणि रंग वाहून जातो. कलप आणि मेंदी अंघोळीने जात नाहीत. पुरावा हवा भोवऱ्यांचा, म्हणजे अंगावर केस गोल वळतात त्या जागांचा. केस कितीही रंगवा, भोवरा जागचा हलत नाही. घेणारे शुभ-अशुभ बघायला भोवरे तपासतातच, त्यामुळे मूळ मालकाला ते तोंडपाठ असणं स्वाभाविक.

छडा लावायला चहाच्या टपरीवरची मावशी घ्या, नालबंद तिच्या बाजूने. पोलिसांना बावळट करू नका. त्यांना गर्दी आणि वाहतूक आहे, ते कारण पुरेसं. संशयित पाच पुरे: कर्जात बुडालेला मालक, दलाल, लग्नाच्या वरातींना घोडे देणारा, गुजरातचा व्यापारी, कपाशीचे पैसे हातात आलेला हौशी शेतकरी. प्रत्येकाला गुन्ह्याचं कारण द्या आणि चोरीशी संबंध नसलेली एक लपवाछपवीही द्या. हौशी शेतकऱ्याने बायकोला किंमत निम्मीच सांगितलेली असू शकते.

बोलीचा उपयोग करा, पण चमचाभर. अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’, गुजरातीत ‘छे’. तंबूमागून शेवटचा एकच शब्द ऐकू आला. मावशीला वाटलं ‘छे’, नि संशय व्यापाऱ्यावर गेला. तो ‘शे’ होता हे उलगडायला तीन प्रकरणं जाऊ द्या. पानभर अहिराणी लिहिली तर पुण्याचा वाचक दमतो, आणि चुकीची लिहिली तर शिरपूरचा हसतो. ‘कोन शे रे तठे?’ एवढ्यावर भागवा.

उलगड्याला सगळे एकत्र बसायला हवेत, तर हिवाळा आहे, भरीत करा. वांगी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर भाजायला वेळ लागतो आणि तेवढ्यात कोणी उठून जात नाही. कबुली चोराच्या तोंडून पाझरू नये. मावशीने संकष्टी, खूर आणि भोवरा याच क्रमाने मांडावं, म्हणजे वाचकाला मागची पानं चाळून पडताळता येईल. आणि टिळ्याची मेंदी हिवाळी केस गळेपर्यंत जाणार नाही, हे विसरू नका. शेवटच्या पानावर घोडा तो भगवा टिळा घेऊनच पूल ओलांडेल.