काळ्या मातीतलं लॉन: पाइप हातात घेण्याआधी वाफसा पाहा

नाशिकमध्ये बंगल्यापुढचं लॉन उन्हापेक्षा पाण्यानेच जास्त बिघडतं. आपली काळी माती भिजली की फुगते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळं गुदमरतात. सुकली की भेगा पडतात आणि तीच मुळं तुटतात. गवत पिवळं दिसलं की आपण पुन्हा पाइप सोडतो, आणि दुखणं वाढतं.

म्हणून आधी वाफसा पाहा. खुरप्याने चार इंच खोल उकरा आणि तळाची मूठभर माती दाबा. गोळा बोटांना चिकटला, अंगठा फिरवल्यावर चकाकला, तर माती ओली आहे. दोन दिवस पाणी नको. गोळा झाला पण अंगठा टेकताच मोकळा फुटला, तर तो वाफसा. खुरपणी, खत, छाटणी, सगळी कामं याच अवस्थेत करा. गोळाच होत नसेल, हाताला कोरडी ढेकळं लागत असतील, तेव्हा पाणी द्या.

द्यायचं ते पोटभर. १०० चौरस फुटांना साधारण २०० लिटर, म्हणजे मोठा एक ड्रम. वाहून जात असेल तर अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा द्या. रोज नुसता शिंपडा मारला की वरचा इंचभर थर भिजतो, मुळं वरच राहतात आणि एप्रिलच्या उन्हात आधी तीच करपतात. वेळ पहाटेची. संध्याकाळच्या पाण्याने पाती रात्रभर ओली राहून बुरशी धरते. मे महिन्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी, डिसेंबरात आठ-दहा दिवसांनी पाणी लागतं, पण दिवस मोजण्यापेक्षा मूठ खरी.

पाणी बेताने देऊनही पिवळेपणा राहिला, तर पाती जवळून पाहा. कोवळी पाती पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. काळ्या मातीत चुनखडी असते, त्यामुळे लोह असूनही ते मुळांना मिळत नाही. बांधकामाचा सिमेंटचा राडारोडा तसाच गाडलेला असेल तर जास्तच. जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदारांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून ऊन उतरल्यावर फवारा. फरशीवर उडालं तर लगेच धुवा, नाहीतर गंजाचे डाग जात नाहीत.

जुनी, खालची पाती आधी पिवळी पडत असतील तर नत्र हवं. १०० चौरस फुटांना १०० ग्रॅम युरिया पुरे. निम्मा उभा, निम्मा आडवा फेका म्हणजे पट्टे उमटत नाहीत. पाती कोरडी असतानाच टाका आणि लगेच पाणी सोडा; ओल्या पात्यांवर दाणे चिकटले की चट्टे जळतात. डिसेंबर-जानेवारीत युरिया टाकू नका. थंडीत हरळीच्या जातीचं गवत वाढायचं थांबतं, तपकिरी दिसतं. ते मेलेलं नसतं, फेब्रुवारीअखेर ऊब वाढली की फुटतं.

कापताना एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढू नका. एरवी दीड इंच, उन्हाळ्यात दोन इंच ठेवा. उंच गवताच्या सावलीत माती कमी तापते. दुसऱ्या दिवशी टोकं पांढरट, चिंध्यांसारखी दिसली तर मशीनचं पातं बोथट झालंय.

लव्हाळा हे तण उपटून जात नाही. पातं हाती येतं, पण खालचा कंद आणि पुढच्या कंदाला जोडणारा दोरा तसाच राहतो, आणि तो पुन्हा फुटतो. वाफशावर अरुंद खुरपं बाजूने सहा इंच खोल घालून कंदासकट माती उचला आणि दोरा तुटू न देता पुढचा कंद शोधत जा. काढलेले कंद खताच्या खड्ड्यात टाकलेत तर खताबरोबर ते सगळ्या बागेत पसरतात.

पावसाळ्यात एखादा पट्टा वाळला आणि ओढताच चटईसारखा गुंडाळून हातात आला, तर खाली हुमणी आहे: पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली अळी, मुळं खाणारी. वळीव पडला की तिचे भुंगे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात. तेव्हाच फांद्या हलवून, खाली पाडून साबणाच्या पाण्यात बुडवा. जमिनीतल्या अळ्यांसाठी मेटारायझियम ही बुरशी शेणखतात मिसळून ओलसर मातीवर संध्याकाळी पसरा. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलं, वास न येणारं, हातात चुरा होणारं हवं. कच्च्या शेणखतातूनही हुमणी लॉनमध्ये येते.